गाडी उभी होती

१८ जानेवारी २०२६, रविवार

आमच्या लेकीचं, प्रणालीचं साक्षगंध (साखरपुडा) आज झालं. पाहुणे अकोल्याहून अकराला आले, चारला गेले. पंचेचाळीस पानं उठली. वरण शेवटी थोडं कमी पडलं, पण कोणाच्या लक्षात आलं नसावं. बुद्धवंदना चांगली झाली.

मुलगा शांत आहे. सुगत नाव. अकोल्यात उमरी भागात औषधाचं दुकान चालवतो. तो आठवीत असताना वडील गेले, तेव्हापासून त्याला आणि बहिणीला मोठेबाबांनी, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावानं वाढवलं. त्यांचं नाव डोमाजी. वय एकाहत्तर. एसटीत तेहतीस वर्षं ड्रायव्हर होते आणि एकही अपघात नाही. आज हे त्यांनी मला तीनदा सांगितलं. सांगण्यासारखंच आहे.

निघताना एक गोष्ट झाली. त्यांना उजेड असेपर्यंत घर गाठायचं होतं, म्हणून चहा न घेताच उठले. माझी गाडी लिंबाखाली कडेला उभी होती, सकाळपासून हललेली नव्हती. डोमाजींनी त्यांची बोलेरो मागे घेतली ती सरळ तिच्यावर आली. काच फुटल्याचा आवाज झाला.  डोमाजी उतरले नाहीत. दोन्ही हात स्टेअरिंगवर, नजर समोर. मला वाटलं, रागावले.

मी पुढे झालो आणि म्हणालो, "माफ करा मोठेबाबा, मीच गाडी आडवी लावून ठेवली."

तेव्हा ते उतरले. माझ्या बोनेटवरून सावकाश हात फिरवला आणि म्हणाले, "बाप्पा, शेषरावभाऊ! गल्लीत गाडी अशी लावतेत काय? लावणाऱ्याची चूक अन् नाव मारणाऱ्याचं." सगळे हसले. मीही हसलो.

मग खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "इन्शुरन्सच्या भानगडीत नोका पडू. सोयऱ्यात कागद नसते. घरातल्या घरात करू."

मी म्हणालो, "तुमच्या गाडीचंही मीच करून देतो." हे कुठून तोंडात आलं कोण जाणे.

सतरंज्या गोळा करताना बायको, माया, म्हणाली, "तुमी काहून म्हटलं तसं? गाडी तं उभी होती."

"मुलीकडचे हाओत आपण."

"आपल्यात कुठं आलं मुलीकडचं अन् मुलाकडचं? तुमीच तं साऱ्याइले सांगत फिरता."

खरं आहे. मी सांगत फिरतो.

२० जानेवारी, मंगळवार

पहिली पाळी करून नांदगाव पेठच्या धाग्याच्या कारखान्यातून परत येताना गाडी गॅरेजात टाकली. उजवा दिवा गेला, बोनेट चेपलं, समोरचा बंपर सुटला. डेंटिंग करणारा स्वप्निल ओळखीचा आहे. तो उकिडवा बसून बराच वेळ पाहत राहिला.

"काका, कोणाची गलती सांगतली तुमी?"

"माझीच. आडवी लागली होती."

"आडवी लागली असती तं मार बाजूनं बसला असता. हे सरळ बसलं. अन् एकदा नाई, दोनदा. हे पाहा, पयल्या चेपीवर दुसरी हाय. मारलं, थोडा समोर गेला, अन् परत येऊन मारलं. दारू पेला होता काय?"

मी त्याला गप्प केलं. ते आमचे सोयरे आहेत, असं सांगितलं. मला तरी एकच आवाज ऐकू आला होता. गडबडीत माणसाला सगळं ऐकू येत नाही.

"पॉलिसी चालू हाय ना? क्लेम टाका मंग. उगाच खिशातून कायले?"

अर्ज घरी आणला. अपघात कसा झाला ते थोडक्यात लिहा, असा एक रकाना आहे. त्याच्यापुढे अर्धा तास बसलो. खरं लिहावं तर समोरच्या गाडीचा नंबर आणि चालकाचं लायसन मागतील. मी जे बोललो ते लिहावं तर खोटं शाईत उमटेल. तोंडानं एकदा झालं ते झालं. कारखान्याच्या गोदामात मी वीस वर्षं स्टॉकचं रजिस्टर लिहितो, त्यात एक बॉबिन इकडची तिकडे लिहिली नाही.

तरी डोमाजींना फोन करून सहज विचारलं, क्लेम टाकला तर चालेल का, तुमच्या लायसनची झेरॉक्स लागेल. ते एकदम म्हणाले, "लायसन? कायले पाह्यजे लायसन? मी सांगतलं ना, घरातल्या घरात." मग फोन त्यांच्या मंडळींनी, मैनाबाईंनी घेतला. "ते जेवून रायले जी. मंग बोलतीन." दुपारचे चार वाजले होते.

मी त्यांच्यावर अविश्वास दाखवला असं त्यांना वाटलं असणार. रात्रीपर्यंत लाज वाटत राहिली. अर्ज फाडून टाकला.

२५ जानेवारी, रविवार

अकोल्याला जाऊन आलो. माझी गाडी अजून गॅरेजात, म्हणून एसटीनं गेलो. डोमाजी आणि मैनाबाई बोलेरो घेऊन स्टँडवर आले होते. एवढं कोण करतं?

गाडीत मी मागे बसलो. मैनाबाई पुढे. बाई चांगल्या आहेत, पण बोलतात फार. माणूस गाडी चालवतो आणि या क्षणभर तोंड मिटत नाहीत. "डाव्या हातानं सायकल हाय जी." "म्हैस बसली पाहा मधात." "लाल झाला, थांबा ना, कुठं घाई हाय?" "ऑटोवाला घुसून रायला." एसटीच्या ड्रायव्हरला कोणी असं टोकावं? मी असतो तर एखादे वेळी चिडलो असतो. डोमाजी एका शब्दानं उलट बोलले नाहीत. गाडी बैलगाडीच्या चालीनं चालवली आणि मध्येच मला म्हणाले, "शेषरावभाऊ, अलीकडं सिग्नलचे दिवे कंपनी मंद बनवते. तुमच्या अमरावतीत बी असंच हाय काय?" मी म्हणालो, असेल.

माझ्या वडिलांची आठवण झाली. आई त्यांना असंच टोकायची आणि ते असेच ऐकून घ्यायचे.

त्यांच्या मेकॅनिककडे मागचा दिवा आणि बंपरचे पैसे मी दिले. बोलेरोच्या डाव्या अंगाला पुढून मागपर्यंत ओरखडे आहेत, काही पांढरे, काही निळे, एक हिरवा. अकोल्यातले रस्ते फार अरुंद झालेत.

मेकॅनिकला डोमाजींनी माझी ओळख करून दिली. "हे आमचे नवे सोयरे. माणूस सोन्यासारखा, फक्त गाडी लावता येत नाई." मेकॅनिक माझ्याकडे पाहून हसला नाही. मान खाली घालून पाना पुसत राहिला.

घरी जेवायला बसवलं. ताट ठेवताना मैनाबाई नवऱ्याला सांगत होत्या, भाजी उजव्या बाजूनं, ठेचा डावीकडं, पाणी जरा लांब ठेवलं. या वयात इतक्या निगुतीनं वाढणारी माणसं आता राहिली नाहीत. प्रणाली चांगल्या घरात पडते आहे.

परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूरपर्यंत उभा होतो. गुडघे दुखतात.

१ फेब्रुवारी, रविवार. माघ पौर्णिमा

सकाळी पांढरे कपडे घालून विहारात गेलो. आमच्या गावच्या शाळेत असताना रोज पंचशील म्हणायचो, तेव्हापासून एकदाही ओळ विसरलो नव्हतो. आज चौथ्याला, खोटं न बोलण्याच्या शीलाला, मुसावादा वेरमणी म्हणताना, जीभ अडकली. मागच्यांचा आवाज पुढे गेला आणि मी पाचव्याला जाऊन मिळालो.

गाडी आडवी होती असं म्हणालो, यानं कोणाचं काय बिघडलं? एका म्हाताऱ्या माणसाचा मान राहिला. असं मी स्वतःला सांगतो. 

गाडी परवा आली. बोनेटचा रंग जुन्या रंगाशी जुळला नाही. जुना पांढरा पिवळट झालाय आणि नवा भाग दुधासारखा चमकतो. माया म्हणते, गाडीनं कवळी बसवली.

५ फेब्रुवारी, गुरुवार

सुगतचा फोन आला. लग्न बावीस तारखेला आमच्याकडे. लग्न लागल्यावर नवरानवरीला अकोल्याला डोमाजी स्वतः घेऊन जाणार. "काका, आमच्या घरात आलेली हरेक सून मोठेबाबांनीच आणली आहे. माझ्या आईलाही त्यांनीच आणलं होतं, एसटीतून रजा काढून. ते ऐकायचे नाहीत."

मी म्हणालो, ऐकायचं कशाला, चांगली गोष्ट आहे.

त्यानं तारीख पुन्हा एकदा सांगितली. मग म्हणाला, "तुम्हाला चालेल ना काका?" मी म्हणालो, मला न चालायला काय झालं? तो अजून थोडा वेळ लाइनवर होता, मग ठेवला.

पोरगा भिडस्त आहे.

८ फेब्रुवारी, रविवार

आज बस्ता होता, लग्नाच्या कपड्यांची खरेदी. डोमाजी आणि मैनाबाई दहाला पोहोचले. चहा व्हरांड्यात घेतला. डोमाजी लिंबाकडे तोंड करून खुर्चीवर बसले होते. गाडी त्यांच्यासमोर सात-आठ पावलांवर उभी, उन्हात, तिचं ते नवं बोनेट डोळ्यात भरण्यासारखं.

बशी खाली ठेवून ते म्हणाले, "गाडी नाई दिसत तुमची, शेषरावभाऊ. अजून गॅरेजातच हाय काय?"

मला आधी वाटलं, थट्टा करतायत. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते उत्तराची वाट पाहत होते.

मैनाबाई घाईनं म्हणाल्या, "काय तं बाई तुमची मस्करी! समोरच तं हाय, लिंबाच्या सावलीत."

"मस्करीच करून रायलो," असं म्हणून डोमाजी हसले. गाडी सावलीत नव्हती. तिकडेही त्यांनी पाहिलं नाही.

त्या क्षणापासून मी दिवसभर काय केलं मला नीट आठवत नाही. दुकानात पांढऱ्या साड्या उलगडल्या गेल्या. डोमाजी पदर बोटांत धरून काठाची वीण चाचपत होते आणि दुकानदार म्हणत होता, बाबांना कापडाची पारख आहे. माझ्या डोक्यात स्वप्निलचं बोलणं. मारलं, थोडा समोर गेला, परत येऊन मारलं. माझ्या डोक्यात सायकल हाय जी, म्हैस हाय जी.

चारला ते निघाले. गाडी मागे घेताना मैनाबाई खाली उतरून मागे उभ्या राहिल्या आणि पदर सावरत "या, या, अजून या" म्हणत राहिल्या. साक्षगंधाच्या दिवशी बायकांच्या घोळक्यात त्यांना निरोप घ्यायला उशीर झाला होता. तेवढंच झालं होतं.

मी व्हरांड्यात बसून राहिलो. प्रणाली कपबशा उचलायला आली. ती नर्स आहे, दवाखान्यात रोज माणसं पाहते.

मी विचारलं, "तुले समजलं काय काही?"

"काय, मोठेबाबांच्या डोळ्याचं? मले साक्षगंधालेच समजलं होतं बाबा. आशीर्वादाले हात ठेवला त्यांनी, तो माह्या डोक्यावर नाई, बाजूले हवेत. मंग मीच डोकं नेलं हाताखाली."

"मंग बोलली काहून नाई?"

तिनं कपात कप घातला. "तुमीच म्हटलं ना, गाडी आडवी होती. मले वाटलं तुमाले माईत हाय, अन् तुमी झाकून रायले. मंग मी बी झाकलं."

९ फेब्रुवारी, सोमवार

दुपारच्या सुटीत सुगतला फोन केला. गोदामामागे जाऊन बोललो. मी एवढंच विचारलं, "मोठेबाबाले दिसते किती?"

तिकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "काचबिंदू आहे काका. समोरचं नळीतून पाहिल्यासारखं, तेही अंधुक दिसते, बाजूचं गेलं. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येत नाही. लायसन संपून दोन वर्षं झाली. डोळ्याच्या सर्टिफिकेटासाठी ते गेलेच नाहीत."

"अन् तुमी सारे?"

"कोण बोलणार? मी शिकलो तो त्यांच्या पगारावर. मोठीआई बसते बाजूला, म्हणून निभते. काका, खरं सांगू? साक्षगंधाच्या दिवशी ते घाबरले होते. तुमची गाडी ठोकली तेव्हा. मला वाटलं, आता हे स्वतःच बंद करतील. पण तुम्ही म्हणालात चूक तुमची. घरी येऊन दोन पोळ्या जास्त खाल्ल्या त्यांनी. सगळ्यांना सांगितलं, अजून माझा रेकॉर्ड आहे तसा आहे."

मी फोन ठेवला. नंतर धाग्याच्या पेट्या मोजल्या, दोनदा चुकलो.

११ फेब्रुवारी, बुधवार

झोप नाही, त्यात दुसरी पाळी.

माया म्हणते, आपण फुलं लावलेली दुसरी गाडी करू, म्हणू पोरीची हौस आहे, कोणाचं मन दुखणार नाही. सोपं आहे. पण मग डोमाजी बोलेरो घेऊन त्या गाडीच्या मागे निघतील. शेजारी मैनाबाई, मागच्या सीटवर सुगतची बहीण आणि तिची दोन लेकरं. लग्न उशिरा लागतं. बडनेऱ्याच्या पुढे ट्रकच ट्रक, आणि सूर्य बरोबर समोर. आपली पोर वाचवून मी घरात सुखानं बसायचं?

आणि हेही पहिल्यासारखंच होईल. आणखी एक गोड खोटं.

"मोडलं तं?" माया म्हणाली. "पत्रिका वाटल्या. लोक काय म्हणतीन, बापानं गाडीच्या दिव्यासाठी पोरीचं मोडलं."

"तिले विचारलं मी. ती म्हणते, तुमी बोला."

"ती पोरगी हाय. तिले काय जाते बोलाले?"

माया रडली नाही, पण भाकरी थापताना तिचा हात नेहमीसारखा चालत नव्हता. मला भीती वाटते. मी भांडखोर माणूस नाही. आयुष्यात कोणाला तोंडावर काही बोललो असेन तर ते शाळेत गुरुजींना पाढे.

१५ फेब्रुवारी, रविवार

सकाळी वंदना करून सातच्या बसनं निघालो. फोन केला नाही. केला असता तर जाणं झालं नसतं.

डोमाजी अंगणात बोलेरो धूत होते. पाइप एका हातात, दुसरा हात पत्र्यावरून फिरतो, जिथं चिखल लागेल तिथं थांबतो. मैनाबाई दारात गहू निवडत होत्या. मला पाहून त्यांनी सूप खाली ठेवलं, पण माझं नाव घेतलं नाही. मी जवळ जाऊन बोललो तेव्हा डोमाजींनी तोंड वळवलं.

"शेषरावभाऊ? या या. कायले त्रास घेतला? एकटेच?"

बसमध्ये मी पुष्कळ वाक्यं जुळवली होती. एकही आठवलं नाही.

"मोठेबाबा, मी खोटं बोललो होतो," मी म्हणालो. "साक्षगंधाच्या दिवशी. माझी गाडी आडवी नव्हती. कडेले उभी होती. तुमची गाडी मागं आली अन् तिले लागली. दोनदा."

पाइपातून पाणी वाहत होतं. त्यांच्या पायावरून, माझ्या चपलेखालून.

"मंग तवाच काहून नाई बोलले?"

"तुमचा मान राखाले."

"अन् आज? आज मान गेला माहा?"

"आज मले माईत हाय तुमाले दिसत नाई म्हणून."

मैनाबाई उठून उभ्या राहिल्या. डोमाजींचा आवाज चढला. "तेहतीस वर्सं! लेका, तेहतीस वर्सं मी माणसं वायली. धारणी पाहिली, चिखलदऱ्याचा घाट उतरलो धुक्यात. एकाले खरचटलं नाई. अन् तू, गाडी लावता येत नाई ज्याले, तू मले सांगाले आला?"

पत्र्याला हात टेकत ते एक पाऊल पुढे आले.

"पोरीचा बाप हायेस ना तू?"

"हाओ. पोरीचा बाप हाय म्हणूनच आलो. तिले बसवाचं हाय त्या गाडीत. सुगतच्या बहिणीची लेकरं बसतीन. तुमची मंडळी बसते रोज. मी तवा खरं बोललो असतो तं तुमी तवाच गाडी ठेवली असती. नाई ठेवली, हे माह्यावर हाय. म्हणून आलो."

त्यांनी पाइप टाकला. हात पुसायला खांद्यावरचा पंचा शोधला, तो गाडीच्या टपावर होता. कोणी दिला नाही. मैनाबाईंनीही नाही. मग हात धोतराला पुसत, भिंतीला धरून ते घरात गेले. दार लावलं नाही.

मी थोडा वेळ उभा होतो. नळ बंद केला. मैनाबाईंनी चहा विचारला, मी नको म्हणालो. फाटकापर्यंत त्या माझ्यासोबत आल्या. डोळ्याला पदर नाही, काही नाही. फाटकाची कडी काढत म्हणाल्या,

"पाच वर्सं झाले जी, मी त्या गाडीत बोलून रायली. घसा बसला माहा."

बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली.  हलकं वगैरे काही वाटलं नाही. फार थकलो.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

चार दिवस तिकडून फोन नाही. मायाचे भाऊ येऊन गेले. एक म्हणाला, लग्नानंतर सांगितलं असतं तर काय बिघडत होतं? दुसरा म्हणाला, भाऊजींना साधेपणाचा रोग आहे. मी ऐकून घेतलं. प्रणाली दवाखान्यातून आली, चपला काढल्या आणि त्या दुसऱ्या मामाला म्हणाली, "मामा, तुमी गाडी चालवता तवा मामी बोलते का हो?" तो म्हणाला, नाही. "मंग तुमाले नाई समजणार." एवढं बोलून आत गेली.

संध्याकाळी सुगत आला, मोटरसायकलवर. मायानं उभ्याउभ्याच विचारलं, "लग्न हाय ना?"

"आहे काकू. ते कुठं जाते?"

त्यानं खिशातून एक पाकीट काढलं, मोठेबाबांनी दिलं म्हणाला. आत दोन्ही गाड्यांच्या दुरुस्तीचे पैसे होते, माझ्या गाडीचेसुद्धा. स्वप्निलच्या गॅरेजचा नंबर मिळवून त्यांनी आकडा विचारला होता. सोबत वहीचा फाडलेला कागद. अक्षरं मोठी, ओळ खाली घसरत गेलेली, काही अक्षरं एकमेकांवर चढलेली. मला लावून वाचावं लागलं.

"दोन्ही गाड्यांचे. गाडी उभी होती."

खाली सही.

"रागात हायेत काय?" मी विचारलं.

"बोलत नाहीत. चावी मोठीआईजवळ दिली. लग्नाला येतो म्हणत नाहीत, येत नाही म्हणत नाहीत."

पैसे परत करावेत असं वाटत होतं. माया म्हणाली, नका करू. मी तिचं ऐकलं. यावेळी तिचं बरोबर होतं असं वाटतं, का ते मला सांगता येणार नाही.

२३ फेब्रुवारी, सोमवार

रजा आहे. घर रिकामं आहे. अंगणात मांडवाच्या बल्ल्या पडल्यात, त्या न्यायला कोणी आलेलं नाही.

लग्न काल विहाराच्या सभागृहात दीडला लागायचं ते तीनला लागलं. वंदना, परित्राण, प्रतिज्ञा, फुलांचे हार, सगळं शांततेत झालं. प्रणाली पांढऱ्या साडीत उभी होती आणि मला सारखं वाटत होतं की तिला काही सांगायचं राहिलं आहे. काय ते आठवलं नाही.

डोमाजी आले. सुगतच्या मित्राच्या गाडीतून, डावीकडच्या सीटवर बसून. मी पुढे जाऊन जय भीम म्हणालो. त्यांनी आवाजाच्या दिशेनं हात जोडले आणि पुढे गेले. सभागृहात पहिल्या रांगेत बसले ते शेवटपर्यंत तिथंच. जेवणाच्या वेळी मी वाढायला गेलो तर मान हलवून नको म्हणाले. लोक पाहत होते. सगळ्यांना सगळं माहीत झालं होतं. मी जिलेबीचं ताट घेऊन पुढे सरकलो.

नवरानवरीची गाडी भाड्याची होती, ड्रायव्हर मूर्तिजापूरचा. सहाला निघाले. प्रणालीचा फोन साडेआठला आला, सुखरूप पोहोचलो. मैनाबाई त्यांच्याच गाडीत होत्या, बडनेरा यायच्या आधी झोपल्या, त्या उमरीला उठल्या, असं म्हणाली. माया तिथंच फोन हातात घेऊन बसून राहिली.

त्याआधीचं एक लिहायचं आहे.

सभागृहातून खाली आवारात उतरायला पायऱ्या आहेत. सगळे गाड्यांकडे गेले होते, मैनाबाई प्रणालीला धरून पुढे होत्या. मी मागून दिवे बंद करून आलो तर डोमाजी दारात एकटे उभे. एक पाय पुढे टाकत होते आणि परत घेत होते. मी त्यांच्या मागेच थांबलो. त्यांना हात द्यावा की न द्यावा, ते कळत नव्हतं.

"शेषरावभाऊ हाय काय इथं?"

"हाओ, मोठेबाबा."

"पायऱ्या किती हायेत?"

मी म्हणालो, "पाच."

त्यांनी हात पुढे केला. मी धरला. तळहात अजून रुंद आणि कडक आहे, स्टेअरिंगचा. आम्ही एकेक पायरी उतरलो, ते मनात मोजत होते, ओठ हलत होते. पाचवी झाल्यावर त्यांनी सपाट जमिनीवर टाकावा तसा पाय टाकला, आणि खाली आणखी एक पायरी निघाली. ते पुढे झुकले. मी दोन्ही हातांनी धरलं. त्यांचं सगळं वजन क्षणभर माझ्यावर आलं.

उभे राहिल्यावर त्यांनी कोट खाली ओढला.

"सहा हायेत," ते म्हणाले.

"हाओ. चुकलो."

"अंदाजानं नोका सांगू, भाऊ. मोजून सांगत जा."

गाडीपर्यंत त्यांनी हात सोडला नाही.